भट्टीखान्याचं दार

मी ड्रॅगन. ओतशाळेत लोखंड वितळवते. म्हणजे फुंकर मी मारते, मिरवायला मालक आहेतच. कामाला लागले तेव्हा अंग चोरून का होईना, याच दारातून आत आले होते. पण आमचं अंग धगीनं वाढतं. वर्षभरात खांदे दारात मावेनासे झाले. मालक म्हणाले, “भट्टी थंड झाली की भिंत फोडू.” भट्टी थंड होऊ देतोय कोण!

माझा डबा लेक आणते. मालकांना तिचं भारी कौतुक. “बस गं आईजवळ उबेला,” म्हणतात.

काल जाताना ती दारात अडकली. “आई, दार आटलं की काय गं?” हसत म्हणाली आणि तिरकी होऊन कशीबशी बाहेर पडली. चौकटीला तिचा एक खवला चिकटून राहिला.

आज ती यायच्या आधीच मी लोखंडी दारावर जीव खाऊन फुंकर मारली आणि ते चौकटीला कायमचं सांधून टाकलं.

आता ती बाहेरून दार बडवतेय. “आई, उघड ना! डबा गार होतोय!”

“होऊ दे,” मी आतून खेकसले. “जा घरी, मेले, आणि गारठ्यातच राहा!”