दोन रिकाम्या खुर्च्या

बोग्नाच्या उजव्या खांद्यावर पट्टी गुंडाळता गुंडाळता झेनोनसरांनी विचारलं, "दुखतोय?"

"नाही."

"खोटं बोलतेस."

"मग विचारता कशाला?"

ओपोलेच्या क्रीडागृहात आज अंतिम लढत होती आणि उतरणाऱ्या दोघीही सरांच्याच. तेहतीस वर्षांची बोग्ना, आणि एकोणीस वर्षांची ओतिल्या, जिला ज्युदोत पडायचं कसं हे बोग्नानंच शिकवलं होतं. जिंकेल ती युरोपच्या स्पर्धेला जाणार. बोग्ना हरली तर पुढच्या वर्षी तिला कुणी बोलावणार नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी अंगानं साथ दिली नसती.

"मी वर प्रेक्षकांत बसतो," सर म्हणाले. एकाच क्लबच्या दोघी समोरासमोर आल्या की गुरूनं कुणाच्याच पाठीशी बसायचं नाही, असा रिवाज. "मॅटकडेच्या गुरूंच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतील."

"बरंच झालं. तुमचा आरडाओरडा तरी कानावर येणार नाही."

काल ईस्टरच्या चाळीस दिवसांच्या उपासाआधीचा गोडाधोडाचा गुरुवार. अख्खा पोलंड पोंच्की, म्हणजे गुलाबाचा मुरंबा भरलेले गोड गोळे, तळून खात होता, आणि बोग्ना वजनगटात बसण्यासाठी उपाशीपोटी बर्फाचा खडा चोखत वजनकाट्यासमोर उभी होती. किती वर्षं झाली या गुरुवारी पोटभर खाऊन? तिला आठवेना. मॅटवर पाऊल टाकण्याआधी तिनं अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला. मारियामाउली, जिंकव म्हणत नाही. नीट उभी राहू दे, एवढंच.

लढत सुरू झाली आणि थोड्याच वेळात बोग्नाच्या लक्षात आलं. पोरगी उजव्या बाहीला हातच लावत नव्हती. रोजच्या सरावात तीच बाही पकडून बोग्नाला गरगर फिरवणारी ही कार्टी आज दुखऱ्या खांद्यापासून दूर दूर पळत होती. पंचांनाही ते दिसलं. हल्ला करत नाही म्हणून ओतिल्याला एक ताकीद मिळाली, मग दुसरी. तिसरी मिळाली की ती बाद.

वेळ संपली, गुण कुणालाच नाही. आता पहिला गुण किंवा तिसरी ताकीद मिळेपर्यंत लढत चालू राहणार होती. मध्येच पंचांनी थांबवून कपडे नीट करायला सांगितले. पट्टा आवळता आवळता बोग्ना पुटपुटली, "बाही धर की, गाढवा!"

"ताई, तुझा खांदा..."

"खांदा माझा आहे."

पोरीचे डोळे भरून आले, पण हात काही पुढे येईना. पंचांची नजर तिच्यावर खिळली होती. बोग्नानं फक्त थांबायचं होतं. दोन श्वास, फार तर तीन. एवढ्या दमलेल्या बाईला थांबण्यासारखं सोपं काय असतं? पण देवानं प्रत्येकाच्या आत एक हट्टी जागा ठेवलेली असते, आणि बोग्नाची ती जागा अजून दमली नव्हती. दयेवर मिळालेली जीत घेऊन घरी जायचं तिच्या जिवावर आलं.

ती वळली. उजवा खांदा पोरीच्या काखेखाली घालून तिनं आपला जुना डाव टाकला. खांद्यात कळ उठली, डाव अर्ध्यावर अडला. आणि ओतिल्याच्या मनाला कळायच्या आत तिच्या अंगानं बोग्नाकडून शिकलेलं करून टाकलं: कंबर खाली, मागे ओढ, पाय आडवा. बोग्नाची पाठ धाडकन मॅटवर आपटली. पंचांचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण, लढत तिथंच संपली.

"ताई, मी मुद्दाम नाही गं..." पोरगी हुंदके देत होती.

"मुद्दामच करायचं असतं ते, वेडे. नाक पूस. वाकून नमस्कार राहिलाय."

बाहेरच्या बोळात सर कागदी पिशवी घेऊन उभे होते.

"थांबली असतीस तर जिंकली होतीस."

"माहीत आहे."

सरांनी पिशवी पुढे केली. "कालची पोंच्की आहेत, शिळी."

बोग्ना भिंतीला टेकून खालीच बसली. डाव्या हातानं तिनं मोठा घास घेतला. मुरंबा पांढऱ्या अंगरख्यावर सांडला, तो तिनं पुसला नाही.

"आणखी आहे का?" तिनं विचारलं.