न विचारता वाढणारा

मी एक डेकोरेटर बोलतोय, मांडव सजवणारा नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅममधला. मला जिनं घडवलं, तिच्या सासूबाईंनी एकदा नेम धरला होता: विचारल्याशिवाय कुणाच्या ताटात काही वाढायचं नाही. त्यांनी मायेनं वाढलेल्या बदामांनी व्याह्यांचा घसा सुजला होता. ते वाचले, तेव्हा देवापुढे हात जोडून धरलेला तो नेम.

त्यांची सून दवाखान्यांसाठी पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची. प्रत्येक क्लासला, म्हणजे नोंदीच्या साच्याला, त्याच त्या मेथड, म्हणजे कामाच्या रीती: माहिती भरायची कशी, दाखवायची कशी, दोन नोंदी सारख्या आहेत का ते ओळखायचं कसं. लिहून लिहून ती मेटाकुटीला आली आणि माझा जन्म झाला. टिकलीएवढा मी, क्लासच्या माथ्यावर लावलं की सगळ्या मेथड आपोआप तयार!

पण मी केलेलं डोळ्यांना दिसत नाही. हाताने लिहिलेलं निदान कुणी वाचतं तरी. मला लावलं की सगळे निर्धास्त.

एका सकाळी प्रोग्रॅम पेशंटची रांग लावताना दुबार नोंदी गाळत होता. दोन म्हाताऱ्या, नाव तेच, वय तेच, डॉक्टरही तेच; केसपेपरचा नंबर तेव्हा नोंदीत घेतलेलाच नव्हता. सगळे रकाने जुळले, की मी म्हणणार सारखं! एक आत गेली. दुसरी रक्त तपासायला उपाशीपोटी आलेली. तिचं नाव कुणी पुकारलंच नाही. दुपारी बाकावरच घेरी येऊन पडली.

खापर माझ्या डोक्यावर. "काढून टाक ते भूत!" सुनेचे साहेब फोनवर ओरडले. असा संताप आला! राबायचं मी, बोलणी खायची मीच. दोन माणसं एक कधी धरायची, हे मला सांगितलं होतं कुणी?

सून घरी गेली. तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझा वाढपी न विचारता वाढतो," त्या म्हणाल्या.

"आई, विचारत बसला तर माझं लिहिणं दुप्पट. मग त्याला केला कशाला?"

"होऊ दे की. मीही प्रत्येक पानापाशी थांबते. पण पुन्हा कुणाचा घसा सुजला नाही, बाई."

सुनेनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "तुमचा नेम त्यालाच लावते."

मला काढलं नाही. आता भरणं, दाखवणं मी आपोआप करतो. सारखं कशावरून धरायचं ते मात्र लिहून दिल्याशिवाय ठरवत नाही. एक ओळ जास्त पडते. "मग ह्याचा उपयोग काय?" तिच्याबरोबर काम करणारे कुरकुरतात. अजून लागतं मला ते. पण ती म्हातारी पुन्हा आली, तेव्हा आता नोंदीत घेतलेल्या केसपेपरच्या नंबरावरून तिला बरोबर हाक गेली.

तेव्हा बायांनो, दादांनो, मला खुशाल राबवा. फक्त सासूबाईंसारखा एवढा नेम तुम्हीही धरा: मी काय वाढतोय ते आधी बघा, आणि नको असेल ते नको म्हणा.