समईसमोरचा हत्ती

मल्लाप्पांनी सौम्याला स्पष्ट सांगितलं होतं, की केकवरच्या फॉन्डंटखाली बटरक्रीम लावू नकोस, एप्रिलच्या उन्हात ते तग धरणार नाही. सौम्यानं मान डोलावली आणि ऐकलं नाही.

तसं पाहिलं तर ती न ऐकणारी बाई नव्हे. लेकीला द्राक्ष देताना त्याचे चार तुकडे करणारी, तिच्या कपाळाला दिवसातून दहादा हात लावून बघणारी. चामराजपेटेतल्या त्या घरात गॅसची नळी आणि गच्चीची कडी तिच्या नजरेतून कधी सुटली नाही. पण मल्लाप्पा पडले खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, चाळीस वर्षं बेकरीत राबून घरी बसलेले. फॉन्डंट म्हणजे केकवर पांघरायची साखरेची मऊ पोळी, ती या बन भाजणाऱ्या माणसाला काय कळणार, असं तिला वाटलं. ती कोरमंगलात दोन दिवसांचा क्लास करून आली होती. तिथे त्या पोळीखाली बटरक्रीमच, म्हणजे साखर घालून फेटलेलं लोणी, लावायला शिकवलं होतं. क्लासच्या खोलीत एसी होता, हे मात्र तिनं ध्यानात घेतलं नाही.

केक होता मनस्विनीच्या लेकीच्या, आश्लेषाच्या पहिल्या वाढदिवसाचा. मनस्विनी तिची जुन्या ऑफिसातली मैत्रीण, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत. गोल पिवळा केक, त्यावर दर्शनी बाजूला फॉन्डंटचे कान आणि सोंड लावलेला हत्ती. सौम्यानं केक पूर्ण करून टेबलावर ठेवला आणि ती लेकीला आंघोळ घालायला गेली. तेवढ्यात सकवारबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तिथे आल्या. घरातून शुभकार्याला जाणारी वस्तू आधी देवापुढे ठेवायची, मग उंबरा ओलांडायचा, ही त्या घरची रीत. लाडू, नवी साडी, पोरांची हॉलतिकिटं, सगळं. सौम्या केकमध्ये अंडं घालत नसे तेही त्यासाठीच. सकवारबाईंनी मोठ्या कौतुकानं केक उचलला, देवघरात नेला, समई लावली आणि अगदी जवळ ठेवला, देवाला नीट दिसावा म्हणून. वीस मिनिटं तो तिथे होता.

पुढे ऑटो, उन्हाचा रस्ता, सिल्क बोर्डच्या चौकातला खोळंबा. इलेक्ट्रॉनिक सिटीत खोकं उघडलं तेव्हा केकच्या एका बाजूला पोट सुटलं होतं, फॉन्डंटला सुरकुत्या पडल्या होत्या आणि हत्तीचा कान घसरून तळाशी आला होता. कुणीतरी म्हणालं, हत्तीला बरं वाटत नाही वाटतं. लोक हसले. मनस्विनीनं चव छान आहे असं तीन वेळा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना सौम्याला रडू आवरेना.

घरी आल्यावर तिनं ओव्हनचं बटण बंद केलं आणि त्यावर जुनी चादर टाकली. नवरा, अभिराज, म्हणाला की राहू दे, एका केकनं काय होतं. केक समईजवळ ठेवल्याचं कळलं, तरी सासूबाईंना ती एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच सकवारबाईंना जास्त लागलं. त्या दिवसापासून त्यांनी सौम्याच्या हातची कुठलीच वस्तू देवापुढे ठेवली नाही. कोशिंबिरीची वाटीसुद्धा नाही. आलेल्या चार ऑर्डरी सौम्यानं नाकारल्या, पाचवी आलीच नाही. बी.कॉम. झालेल्या, नोकरी सोडून घरी बसलेल्या सौम्याला आपलं असं काही करायचं होतं, तेही त्या चादरीखाली गेलं.

वर्ष गेलं. मार्चच्या शेवटी मनस्विनीचा फोन आला. आधी तिनं सौम्याच्या लेकीची चौकशी केली, मग सासूबाईंची, मग म्हणाली, "आणि तू? तू काय करतेस हल्ली?"

सौम्या म्हणाली, काही नाही.

"तेच विचारायला फोन केलाय. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फोटोत आश्लेषा त्या पडक्या हत्तीकडे बघून हसतेय. मला यंदा तोच हत्ती हवाय. उभा असला तर बरं, नसला तरी चालेल."

सौम्या म्हणाली, उद्या सांगते. तिनं फोन ठेवला. मग लेकीला कडेवर घेऊन खाली गेली आणि मल्लाप्पांच्या दारात म्हणाली, "अण्णा, मागं तुम्ही सांगत होता ते आता सांगाल?"

मल्लाप्पांनी चष्मा पुसला. "वर्ष लागलं होय? सरी, ठीक आहे, बस."

बन भाजणारा हा माणूस शेवटची बारा वर्षं लग्नाचे केक सजवत होता, हे तिला त्या दिवशी कळलं. लोणी ते लोणीच, ते म्हणाले, त्यात साखर फेटली म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही, ऊब लागली की सुटणार. फ्रिजमध्ये ठेवशील तर बाहेर काढल्यावर फॉन्डंटला घाम येणार. त्यापेक्षा चॉकलेट आणि क्रीमचं गनाश कर. ते एकदा घट्ट झालं की केकला भिंत होते, आणि पोळी भिंतीवर अंथरावी तशी बसते. पांढरं चॉकलेट तीन वाटे, क्रीम एक वाटा. आपल्या उन्हाळ्यात स्वल्प जास्तच चॉकलेट.

सौम्यानं सगळं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मनस्विनीला हो म्हणून कळवलं आणि चादर काढली. क्रीमला कडेनं बुडबुडे येताच ते चिरलेल्या चॉकलेटवर ओतलं, पाच मिनिटं हात लावला नाही, मग मधून बाहेर असं सावकाश ढवळलं. झाकून ठेवलेलं गनाश सकाळी थिजलेल्या तुपासारखं झालं होतं. ते केकला लावलं, पट्टीनं सरळ केलं आणि फ्रिजबाहेरच सुकू दिलं. संध्याकाळी मल्लाप्पा वर आले, त्यांनी बाजूवर नखानं टकटक केलं आणि म्हणाले की आता साखरेचं पाणी पुसटसं लाव आणि पोळी घाल. हत्तीचे कान दोन वेळा तुटले. तिसऱ्यांदा बसले.

वाढदिवसाच्या दिवशी निघायची वेळ झाली. अभिराज गाडीची किल्ली शोधत होता. सकवारबाई देवघराच्या दाराशी उभ्या होत्या, पदराला हात पुसत, केककडे न बघता. सौम्यानं ते पाहिलं. सरळ खोक्यात घालून निघावं, उगाच कशाला, असं तिला वाटलं. हत्ती पुन्हा पडला तर चादर ओव्हनवर परत जाणार आणि मग कधी निघणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ज्या केकला घरातली समई सोसत नाही तो इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत काय पोचणार?

तिनं केक उचलला. "आत्याबाई, समई लावता?"

"नको गं. मागच्या वेळी माझ्यामुळंच—"

"लोण्यामुळं. तुमच्यामुळं नाही. लावा."

सकवारबाईंनी वात सारून समई लावली. पायरीवरून मल्लाप्पा म्हणाले, "अक्का, दोन हात लांब ठेवा. देवाला तेवढ्यावरून दिसतं." सकवारबाई हसल्या, वर्षानं, त्याच देवघरात. दहा मिनिटं तिघंही केककडे बघत बसले, आणि हत्ती तिघांकडे. कान हलला नाही.

गाडीत सौम्या खोक्यावर हात ठेवून बसली. उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्याला गाडी हिसका द्यायची आणि ती डोळे मिटायची. मनस्विनीच्या घरी खोकं उघडलं तर कडा जशाच्या तशा, पिवळा रंग ताणून बसवल्यासारखा. आश्लेषा आली, तिनं हत्तीचा कान ओढला. तो निघेना, म्हणून तिनं भोकाड पसरलं. सौम्या इतकी हसली की लोक तिच्याकडे बघायला लागले. तिथेच पाहुण्यांपैकी दोघींनी तिला नंबर विचारला. सध्या तिच्या हातात जूनपर्यंतचे केक आहेत आणि ओव्हनवरच्या चादरीचा लेकीच्या खेळातला तंबू झाला आहे.

मनस्विनीनं तो फोन केला नसता तर? तुमच्याही फोनमध्ये एखादी असेल, जी पूर्वी दर रविवारी केकचे, रांगोळीचे, शिवलेल्या फ्रॉकचे फोटो टाकायची आणि गेले काही महिने गप्प आहे. ऑर्डर द्यायलाच हवी असं नाही. घरच्यांची चौकशी झाली की तिचीही करा. ती "काही नाही" म्हणेल. तेव्हा फोन ठेवू नका.