शेपूट पुढच्या कागदावर

प्राणी शेठला पटला तर वाल्मिकला दोन गोष्टी मिळणार होत्या: सुरतेत पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलच्या चित्रखोलीतली जागा, आणि घरी बायकोपुढे ताठ मान. नाही पटला तर घडीखातं. तिथे उभ्याने साड्यांच्या घड्या घालायच्या.

बन्सीलाल शेठना मुलांसाठी चादरी छापायच्या होत्या. "आदमी पैदा होने से पहले के समंदर का जानवर चाहिए. किसीने देखा न हो," एवढाच हुकूम. वाल्मिक आणि कॉम्प्युटरवाली हर्षदा, दोघांनी एकेक काढायचा होता. हर्षदाचा निवडला गेला तर ती चित्रखोलीची मुख्य होणार होती.

वाल्मिकने समुद्र पाहिलेला तो डुमसचा, तोही भजी खाताना. मग खवल्यांच्या जागी जन्मभर साड्यांवर काढलेल्या कोयऱ्या बसल्या, परांना पदराच्या झालरी आल्या. घरी डोळे पाहून बायको, उज्ज्वला, म्हणाली, "हाऊ ते तुमना शेठ शे!" शेठ ओळखू येऊ नयेत म्हणून त्याने घाईने पापण्या वाढवल्या.

सकाळी हर्षदाने कागद उलटसुलट केला. "काका, शेपटीचं टोक कुठंय?"

"पुढच्या कागदावर."

"आणि त्या कागदावरच्या शेपटीचं?"

"त्याच्या पुढच्या."

"अहो, चादरीवर मधोमध एकच प्राणी हवाय! ही तर आगगाडी झाली."

वाल्मिकचा चेहरा पडला. साडीच्या काठाला सुरुवात नसते, शेवट नसतो. कागदाची एक कड दुसऱ्या कडेला जुळलीच पाहिजे. हाताने सवयीने तेच केलं होतं. नवा काढायला वेळ नव्हता, शेठ जिना चढत होते.

हर्षदा पोट धरून हसली. मग तिनेच भराभर प्रती काढून भिंतीवर ओळीने चिकटवल्या. प्राणी कपाटावरून निघून खिडकीखालून दारापर्यंत गेला.

शेठ त्याच्या बाजूने चालत गेले, परत आले. "पूँछ कहाँ है?"

"येतेय, शेठ," वाल्मिक कसाबसा म्हणाला.

शेठ खो खो हसले. "बच्चे रातभर ढूँढेंगे! चादर भी, परदा भी यही. हर्षदा, तेरा दिखा."

"मेरा अभी बना नहीं," हर्षदा म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद केला.

शेठना हसायला मिळालं, वाल्मिकला जागा. किंमत भरली हर्षदाने. तिचा प्राणी कालच पुरा झाला होता, दात-शेपटीसकट.