उजव्या खांद्यावरून मागे

जुळे सोलापुरात फिरदोस तांबोळी बायकांना गाडी शिकवायची. तिची लाल गाडी सगळ्या भागाला ओळखीची होती. शिकणारीच्या पायाशी एक ब्रेक आणि फिरदोसच्या पायाशी दुसरा. नवरा एजाजचं होटगी रोडला बस दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथल्या आवारात दुरुस्त झालेल्या बसगाड्या पुढंमागं करता करता फिरदोसचा मोठ्या गाडीवर हात बसला आणि एके दिवशी तिनं जड वाहनाचं लायसनही काढलं. लायसन मिळालं त्या संध्याकाळी ती एजाजला म्हणाली होती, "एकदा तरी खरी बस चालवायचीय मला. माणसं भरलेली."

त्यानंतर दोन महिन्यांनी विजापूर रोडवर ते घडलं. वैजयंती नावाची बँकेतली मुलगी शिकायला येत होती. चौथाच दिवस. समोरून कुत्रं आडवं आलं, वैजयंतीनं सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला आणि मागचा टेम्पो गाडीवर आदळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फिरदोसनंच तिला पाणी पाजलं आणि घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरदोसला मान वळवता येईना.

पुढचे चौदा महिने पट्टा झाला, शेक झाला, वजन लावून मान ताणून झाली, गोळ्या तर मोजायच्या बंद केल्या. मानेच्या उजव्या बाजूला खिळा ठोकल्यासारखं दुखायचं आणि दुपारपर्यंत ते डोक्यात चढायचं. एक्स-रे चांगला, एमआरआय चांगला. "रिपोर्टमध्ये काहीच नाही," हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं की दुखण्यापेक्षा त्याचीच तिला भीती वाटू लागली. एक डॉक्टर तर म्हणाले, टेन्शन कमी करा. शेवटी तिनं शिकवणं थांबवलं. मागं बघता येत नाही त्या माणसानं दुसऱ्याला गाडी काय शिकवायची?

फेब्रुवारीत वैजयंती घरी आली ती धापा टाकतच. तिच्याकडं दोन बातम्या होत्या आणि आधी कोणती सांगावी ते तिला कळत नव्हतं.

"मॅडम, पुणे रोडला मुलींची नवी शाळा निघालीय. त्यांना बस चालवायला बायकाच हव्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रायल आहे."

"वैजू, माझी मान बघतेयस ना?"

"त्याचंच दुसरं. आमच्या शाखेतल्या साहेबांची कंबर अशीच होती. रिपोर्ट चांगले आणि माणूस वाकडा. रेल्वे लाइन्सला डॉक्टर रुद्राणी आहेत, त्यांनी इंजेक्शनं दिली. साहेब आता जिने चढतात. मी उद्याची वेळ घेतलीय."

दुसऱ्या दिवशी एजाज आणि वैजयंती तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर रुद्राणींनी रिपोर्ट बघितले, बाजूला ठेवले आणि फिरदोसच्या मागं उभ्या राहून अंगठ्यानं मान चाचपू लागल्या. एकेक मणका करत खाली आल्या. एका जागी अंगठा दाबला आणि फिरदोसच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"हेच का ते दुखणं?"

"हेच. अगदी हेच." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाचं तरी बोट नेमकं तिथं पोचलं होतं.

"फिरदोसताई, हाडं चांगली आहेत, मणक्यांमधली गादीही चांगली आहे. पण हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे असतात, लिगामेंट म्हणतात त्यांना. झटक्यानं ते ताणले गेले आणि सैलच राहिले असावेत. त्यांचं काम मग स्नायूंवर पडतं, म्हणून ते दिवसभर आवळून बसतात. साध्या तपासणीत हे दरवेळी दिसत नाही. आधी खात्री करू. त्या जागेवर फक्त बधिर करायचं औषध देते."

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी बारीक सुई घातली. पाच मिनिटं गेली.

"आता वळा बघू. हळू."

फिरदोसनं मान उजवीकडं नेली. नेहमीच्या जागी ती अडेल म्हणून दात आवळले. मान अडली नाही. भिंत गेली, खिडकी गेली, कपाट गेलं आणि मागच्या खुर्चीवर बसलेली वैजयंती दिसली. ती रुमाल तोंडावर धरून बसली होती.

"वैजू," फिरदोस म्हणाली, "तू कधीपासून रडतेयस?"

एजाज उठून उभा राहिला. फिरदोसनं मान डावीकडं नेली, परत उजवीकडं आणली. तिला हसू आवरेना. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे तासा-दोन तासांत उतरेल आणि दुखणं परत येईल. पण चोर कुठं लपलाय ते सापडलं. आता त्या जागी ग्लुकोजचं दाट पाणी सोडायचं. सलाइनमध्ये असतं तेच ग्लुकोज. शरीराला वाटतं नवी जखम झाली आणि ते दुरुस्तीला लागतं. महिन्याच्या अंतरानं तीन-चार वेळा."

"म्हणजे वेल्डिंग," एजाज म्हणाला.

"वेल्डिंग लगेच धरतं. हे धरायला आठवडे लागतात आणि सगळ्यांचं धरतंच असं नाही. यावर अजून अभ्यास चालू आहेत. मी हमी देणार नाही. आणि सूज उतरवणाऱ्या त्या गोळ्या बंद. थोडी सूज यायलाच हवी, त्यातूनच काम होतं. फार दुखलं तर साधी पॅरासिटामॉल."

फिरदोसनं पर्समधल्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "जूनच्या आधी तीन बसतील ना?"

शुगर तपासून झाल्यावर पहिली इंजेक्शनं झाली आणि पुढचे तीन दिवस मान आधीपेक्षा जास्त दुखली. उशीवर डोकं टेकवेना. एजाज घाबरला. "पुन्ना एक बार पूछ की डॉक्टर को," तो आपल्या दखनीत म्हणाला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, हे अपेक्षित आहे, हाताला मुंग्या आल्या किंवा ताप आला तर लगेच या. तसं काही झालं नाही. चौथ्या दिवशी ठणका उतरला. तीन आठवडे गेले तरी फरक मात्र दिसला नाही.

फरक दिसला दुसऱ्या खेपेनंतर. मार्चच्या शेवटी गच्चीवर कपडे वाळत घालताना मागून शेजारणीनं हाक मारली आणि फिरदोसनं सरळ वळून उत्तर दिलं. शेजारीण निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. हातातली चादर तशीच टाकून ती जिना उतरून पळाली, रिक्षा केली आणि गॅरेजवर जाऊन एजाजला ओढून बाहेर आणलं.

"उजव्या बाजूला उभा राहा माझ्या. हळूहळू पाठीकडं सरक. मी 'दिसतोस' म्हणत राहीन तोवर सरक."

तिला खुर्चीवर बसवून तो पाना हातात घेऊन बाजूनं तिच्या पाठीकडं सरकत गेला. दिसेनासा झाला तिथं त्यानं जमिनीवर खडूची खूण केली. दर रविवारी नवी खूण पडू लागली. डॉक्टरांनी दिलेले मानेचे व्यायाम ती सकाळ-संध्याकाळ करायची. तिसऱ्या खेपेनंतर, मेच्या उन्हात, खूण जवळजवळ तिच्या पाठीमागं आली. डोकं दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळीच उरलं.

ट्रायलला चौघीजणी होत्या. परीक्षा घ्यायला करमाळ्याकडचे आप्पा होते, बस चालवूनच निवृत्त झालेले. पुढं चालवणं, वळण, चढावर थांबणं, सगळं नीट झालं. मग आप्पा खाली उतरले आणि त्यांनी बसचे दोन्ही आरसे मिटवले.

"आता गाडी मागं घ्या. त्या दोन ड्रमांच्या मधनं. आरसा फुटला तर पोरींना तितंच सोडून येणार हाय का तुमी?"

फिरदोसनं रिव्हर्स टाकला, खिडकीतून बाहेर झुकली आणि उजव्या खांद्यावरून मागं बघितलं. मागचं चाक दिसलं, ड्रम दिसला. बस सरकू लागली. मग डावी बाजू, मग पुन्हा उजवी. अर्ध्यात आल्यावर मानेत जुनी कळ उठली. तिनं ब्रेक दाबला, खांदे सैल सोडले, दोन श्वास घेतले.

"का थांबला?" आप्पांनी विचारलं.

"मान परत वळवून घेते, आप्पा. दिसल्याशिवाय गाडी हलवत नाही मी."

फिरदोस पुन्हा झुकली. दोन्ही ड्रमांना वीतभर जागा सोडून बस मधून मागं गेली आणि थांबली. आप्पा चालत आले, दोन्ही बाजूंची जागा वाकून बघितली आणि कागदावर खूण केली.

"लई झ्याक," ते म्हणाले. "जो थांबतो त्यालाच पोरं सोपवावी. सोमवारी कागदं घिऊन या."

मैदानाबाहेर एजाज आणि वैजयंती उभे होते. फिरदोसनं त्यांना काही सांगितलंच नाही. आप्पांना विचारून तिनं बस पुन्हा सुरू केली, दोघांच्या समोर आणून उभी केली आणि दार उघडलं. दोघं धावत चढले. डॉक्टरांनी जुलैत चौथी खेप लागेल म्हणून सांगितलं होतं आणि ती घ्यायचीच होती. पण त्या क्षणी तिनं गिअर टाकला, मागं वळून दोघं नीट बसलेत का ते बघितलं आणि बस मैदानाच्या मोठ्या फेरीला काढली.