ताईच्या फेरीत नसलेली खानावळ

पाहुण्यांना शहर दाखवण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. दीपगृह, कड्यावरची पायवाट, वाळूचा किनारा, पावाची भट्टी, मासळीबाजारामागचं सरबताचं दुकान, सगळं ती अशा थाटात दाखवायची, जणू स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. फक्त धक्क्याजवळच्या बोळातली एक खानावळ तिच्या फेरीत कधी आली नाही. ती तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती.

नियम ताईचाच. नात्यातल्या दुकानात पाहुणे न्यायचे नाहीत आणि कुठल्याच दुकानातून फुकटचा चहासुद्धा घ्यायचा नाही. म्हणून तर ती 'इथलं खा' म्हणाली की लोक डोळे मिटून आत शिरत. भावाला हा नियम ठाऊक होता, पण त्याला ती निव्वळ सबब वाटायची. ताईला आपल्या धुरकट खानावळीची लाज वाटते, असं मनाशी पक्कं धरून तो दोन वर्षं गाल फुगवून बसला होता.

त्यात बसथांबा शहराच्या दुसऱ्या टोकाला हलला आणि बोळातली गिऱ्हाइकं आटली. परवा भावजय येऊन डोळे पुसत सांगून गेली, "वन्सं, हा हंगाम असाच गेला तर टाळं लावणार म्हणतायत. मग माझ्या माहेरी जायचं, माझ्या भावाच्या गोदामात कामाला." भावजयीच्या माहेरापासून समुद्र पार लांब, आणि समुद्र दिसला नाही तर भावाला घास गिळवत नाही. पण एकदा नियम मोडला की तिच्या शब्दाला कोण विचारणार?

बराच विचार करून तिने एवढंच केलं, आजची फेरी उलटी फिरवली. एरवी ती सकाळीच दीपगृहावर जायची. तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि भावाच्या शेगडीचा सगळा वास समुद्रपक्ष्यांच्या वाट्याला जातो. आज किनारा आधी झाला आणि दीपगृहाची टेकडी भर दुपारी. बोळाच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर पाहुण्यांना बसवून ताईने दिव्याची हकिगत सांगायला घेतली, काच कुणी घासली इथपासून. याला नियम मोडणं म्हणावं की वाकवणं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

वारा फिरला. कोळशावर भाजणाऱ्या माशाचा, लसूण-लिंबाचा वास थेट पायऱ्या चढून वर आला. आधी एका गलेलठ्ठ पाहुण्याने मान वळवली, मग त्याच्या बायकोने. थोड्याच वेळात दिव्याकडे बघणारी एकटी ताईच उरली.

"हे कुठे मिळतं?" गलेलठ्ठ पाहुण्याने विचारलं.

"खालच्या बोळात."

"चांगलं असतं का?"

"ते मला नाही सांगता यायचं," ताई म्हणाली. "तो माझा भाऊ आहे. मी चांगलंच म्हणणार."

पुढचं ऐकायला कोण थांबतंय? सगळी मंडळी खाली उतरली. ताई मात्र पायरीवरच बसून राहिली. पोटात कावळे ओरडत होते, पण जीव खानावळीच्या दारात अडकला होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता, हसणं येत होतं, कुणीतरी आणखी मासे मागत होतं. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

बऱ्याच वेळाने भाऊ पायऱ्या चढत आला, हातात ताटली. ती तिच्यापुढे ठेवून तो शेजारी टेकला. त्या जाड्या पाहुण्याने ताईचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं होतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"मी दुकानातलं घेत नाही, ठाऊक आहे ना तुला," ताई म्हणाली.

"दुकानातलं नाही, ताई. माझ्या जेवणातलं आहे."

ताईने पाहिलं. मासा खरंच एका बाजूने खाल्लेला होता. लहानपणी द्यायचा तसाच, काटे काढून मऊ बाजू तिच्यासाठी ठेवलेली.

"गोदामात कधी निघालास?" घास घेत तिने विचारलं.

"उद्या फेरी कुठून सुरू करणार आहेस?"

"किनाऱ्यावरून."

"मग नाही जात," भाऊ म्हणाला आणि शेगडीवरचे मासे करपतील म्हणून धावत खाली गेला.