चाळीस फूट सरकलेला नकाशा

मित्रांनो, माझी घडी जरा हळू उघडा. माझे वय शंभरीच्या पुढे गेले आहे आणि घड्यांवर मी फाटत चाललो आहे. मी चिंचहळ्ळी गावाचा जुना नकाशा. अक्कलकोटकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळले की हे गाव लागते. गाव लहान असले तरी त्याचा एकेक बांध माझ्या अंगावर आहे, आणि या गोष्टीचा मला पहिल्यापासून चांगलाच गर्व होता. मागच्या वर्षी तो असा काही उतरला की मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म भर उन्हातला. मोजणीदार लोखंडी साखळी घेऊन गावात आले होते. दोन माणसे साखळी ताणून धरायची आणि तिसरा आकडे लिहायचा. काट्याकुट्यांतून आणि चिखलातून त्यांनी गावाची सगळी शीव पायांनी पालथी घातली. मग त्या आकड्यांवरून मला जाड कागदावर काढले आणि टिकावे म्हणून पाठीला कापड चिकटवले. ओढ्याला निळी शाई मिळाली आणि गुरांच्या चराईच्या गायरानाला हिरवी. जिथे शीव रस्त्याला मिळते, तिथे जमिनीत पुरलेल्या शिवेच्या दगडाची खूण केली.

माझे कामाचे दिवस मोठ्या मानाचे होते. बांधावरून दोन भाऊ कितीही तावातावाने भांडत असोत, "नकाशा आणा" म्हटले की दोघेही गप्प बसत. मला चावडीत घोंगडीवर पसरत. माझ्यावर पाय पडला तर लोक नमस्कार करत. "माणूस फिरंल, नकाशा फिरणार न्हाय," असे गावात बोलले जाई, आणि ते ऐकून मी फुगत असे.

पुढे कपाट आले आणि मी लोकांच्या विस्मरणात गेलो. ग्रामपंचायतीच्या त्या लोखंडी कपाटात उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. कोणीतरी मला बाहेर काढून माझ्यावरच चहाचा कप ठेवला. पुढे एका नव्या साहेबांनी त्या गोल डागाकडे बोट दाखवून विचारले की हे तळे कुठे आहे. मला राग आला, पण कागदाने रागावून करायचे काय?

मागच्या वर्षी मात्र माझी आठवण झाली. गायरानावर कोणाकोणाची अतिक्रमणे आहेत ते शोधायचे ठरले होते. ग्रामपंचायतीतले क्लार्क जालिंदर यांनी मला गुंडाळून एसटीत घातले आणि सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागातल्या देवयानी मॅडमच्या ऑफिसात आणून सोडले. या मॅडम जमीन मोजणीची कामे घेतात. त्यांनी मला हात लावण्याआधी स्वतःचे हात पुसले, तेव्हाच मला बाई आवडल्या.

त्यांनी मला एका यंत्रात घातले. माझ्या अंगावरून पांढरा उजेड फिरला आणि माझे दोन झाले. एक मी टेबलावर होतो आणि एक मी संगणकात. तिथे मोजणीचे सॉफ्टवेअर उघडे होते. मॅडमनी आधी उपग्रहाने आकाशातून काढलेले गावाचे चित्र त्यात आणले आणि ते पडद्यावर पसरले.

मित्रांनो, मी सुन्न झालो. शंभर वर्षे ज्या गावाचा नकाशा म्हणून मी मिरवलो, ते गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आणि हे माझे गाव होते? माझ्या अंगावरची मोठी विहीर तिथे नव्हती, ती बुजवून वर पत्र्याचे गोडाऊन झाले होते. चिंचेच्या बनाच्या जागी घरे होती. ओढ्याची दोन वळणे कोणी तरी सरळ करून टाकली होती. जिकडे पाहावे तिकडे ऊस. आपलाच मुलगा समोर यावा आणि आपल्याला ओळखू येऊ नये, तसे माझे झाले.

आता मला त्या चित्रावर नेमके बसवायचे होते. त्यासाठी माझ्यावरही असतील आणि चित्रातही दिसतील अशा जागा लागतात. मॅडमनी खूप शोधल्या. जुने काही उरलेच नव्हते. शेवटी तीन जागा मिळाल्या. एक देवळाचा कळस, दुसरी ओढ्यावरचा दगडी पूल आणि तिसरी शिवेचा दगड. दगडाबद्दल खात्री करायला त्यांनी जालिंदर यांना फोन लावला.

"शिवेचा दगड अजून आहे का हो? की नवा बसवलाय?"

"जुनाच हाय की मॅडम. माज्या आज्ज्याच्या बी आदीपासनचा. आता त्याला शेंदूर लावत्यात, म्हसोबा म्हणत्यात."

"रस्त्याच्या कडेलाच ना?"

"व्हय, अगदी कडंलाच. वर पत्रा मारलाय, चित्रात दिसंल बगा."

पत्रा चित्रात चकाकत होता. मॅडमनी माझ्या खुणेवर टिचकी मारली आणि मग त्या पत्र्यावर. सॉफ्टवेअरने मला खेचले, ताणले आणि गावावर बसवले. कोपऱ्यात उत्तर आले, चूक शून्य.

शून्य पाहून मॅडमना बरे वाटले आणि मलाही. तीनच जागा दिल्या तर सॉफ्टवेअर नकाशाला हवे तसे ताणून त्या तिन्ही जागा जुळवतेच आणि चूक नेहमीच शून्य येते, हे मॅडमना ठाऊक होते. पण हातात तीन कामे होती, चौथी जागा सापडत नव्हती आणि शून्य हा आकडा दिसायला फार छान असतो.

देवळाकडे सगळे ठीक होते. शिवेच्या दगडाकडे मात्र माझ्या रेषा आणि शेतांचे बांध जुळेनात. तिकडचा प्रत्येक बांध माझ्या रेषेच्या पश्चिमेला गेलेला होता, जवळजवळ चाळीस फूट. मॅडम मान हलवत म्हणाल्या, "बांध कोरायची सवयच असते लोकांना." मी तेव्हाच चमकायला हवे होते. बांध कोरणारा एखादा असतो. सगळी आळी एकाच दिशेने आणि सारखेच फूट कोरेल का? पण लोकांनी मला इतकी वर्षे खरा म्हटले होते की गावच खोटे निघाले, याचे मला मनातून थोडे बरेही वाटले. ही लाज मी तुमच्यापासून लपवणार नाही.

माझी हिरवी रेषा एका घरावरून गेली होती. घराची मागची बाजू स्वयंपाकघरासकट गायरानात दिसत होती. पडद्यावर तेवढा तुकडा लाल झाला.

घर मीनाबाईंचे होते. मीनाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत. नवरा गेल्यावर अर्धे राहिलेले घर त्यांनी एकटीने पुरे केले. आठ दिवसांत अतिक्रमण काढा, नाहीतर मशीन लावून काढू, अशी नोटीस दाराला लागली, तेव्हा ती हातात घेऊन त्या एसटीने आणि रिक्षाने जुळे सोलापुरात आल्या. मी टेबलावरच होतो.

"ताई, घर बांदताना मोजणी करून घेतलीती. आमच्या मालकांनी तवा सोता दोरी धरलीती," त्या म्हणाल्या. "आता कागद खोटा का घर खोटं, येवडंच सांगा."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या वाईट वागल्या नाहीत, मित्रांनो. त्यांनी सगळे समजावून सांगितले आणि शेवटी शून्यावर बोट ठेवले. "मावशी, यात माझं काहीच नाही. मशीन म्हणतंय चूक शून्य आहे."

मीनाबाईंनी लाल तुकड्यावरून एकदा बोट फिरवले. मग म्हणाल्या, "मशीनचं माज्याशी काय वैर असणार." त्यांनी नोटिशीची घडी केली आणि त्या निघून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

आठवा दिवस आला. मला गावी परत द्यायचे होते आणि गायरानाच्या हद्दीवर चुना टाकायचा होता, म्हणून मॅडम मला घेऊन चिंचहळ्ळीला निघाल्या. सुरुवात शिवेच्या दगडापासून करायची होती. पत्र्याखाली नवा चौथरा होता आणि त्यावर शेंदराने लाल झालेला दगड. निंगव्वा नावाच्या आजी तिथे झाडलोट करत होत्या. जालिंदर यांनी मला चौथऱ्यावर उलगडून धरले. मॅडमनी आजींना सहज विचारावे तसे विचारले, "आजी, हा देव पहिल्यापासून इथंच ना?"

"इल्ल, इल्ल," निंगव्वा कानडीत नाही म्हणाल्या. "हितं कुटला? देव रस्त्याच्या पल्याड व्हता, त्या बाबळीपाशी. रस्ता रुंद केला तवा मदी यायला लागला. मशीननं ढकलला असता की. म्हनून आमीच वाजतगाजत हितं आणला, नारळ फोडला, जेवन घातलं. तीन वर्सं झाली."

माझ्या दोन्ही कडा जालिंदर यांनी धरल्या होत्या. ते त्या मिरवणुकीत नाचले होते. पण मित्रांनो, गावाने देव हलवला होता. आपण गावाची शीव हलवतो आहोत, हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. फोनवर त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. दगड जुना होता आणि रस्त्याच्या कडेलाच होता.

मॅडमनी टेप काढला. बाभळीपासून चौथऱ्यापर्यंत अंतर एकेचाळीस फूट भरले. मला गुंडाळायचेही कोणाला सुचले नाही. मला तसाच फडफडत धरून दोघेही मीनाबाईंच्या घराकडे जवळजवळ धावले.

मी आयुष्यात उंदीर पाहिले, चहा पाहिला, भावाभावांची डोकी फुटलेली पाहिली. असे काही पाहिले नव्हते.

स्वयंपाकघर नव्हते. मशीन यायच्या आत मीनाबाईंनी ते स्वतःच उतरवले होते. विटा एका बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या, पत्रे दोरीने बांधले होते. भिंतीवरची बुद्धांची तसबीर पुढच्या खोलीत गेली होती. चूल उघड्यावर, तीन विटांवर मांडली होती आणि मीनाबाई हातातली वीट दुसऱ्या विटेवर घासून तिचा चुना काढत होत्या.

"मशीन लावलं की सगळं मोडतं," त्या आम्हाला पाहून म्हणाल्या. "हातानं काडलं तर विटा तरी वाचत्यात. नीट मोकळं झालं का बगा, ताई. अजून काडायचं आसंल तर सांगा."

मॅडमनी त्यांना सगळे सांगितले. चूक तुमची नव्हती, घराचीही नव्हती, आमची होती, दगड हलला होता आणि आम्ही जागेवर येऊन विचारले नव्हते. मीनाबाईंनी हातातली वीट खाली ठेवली. त्यांनी एवढेच विचारले, "तवा हितं याला किती येळ लागला आसता, ताई?"

सोलापूरहून एसटीने तासाभराचे अंतर आहे. हे मॅडमनी सांगितले नाही. तिथल्या सगळ्यांनाच ते माहीत होते.

त्याच आठवड्यात मॅडमनी बाभळीची जागा घेऊन मला पुन्हा त्या चित्रावर बसवले, आणि या वेळी गावात फिरून निंगव्वांच्या सोबतीने आणखी चार जुन्या जागा शोधल्या. सॉफ्टवेअरने चूक दाखवली, थोडीशी, दोन फुटांच्या आतली. ती पाहून मॅडम म्हणाल्या, "आता माझा विश्वास बसला." नोटीस रद्द झाली. मॅडमनी आणि जालिंदर यांनी भिंत पुन्हा उभी करून देण्याचे कबूल केले आहे. पाया आखून झाला आहे, विटा अजून रचलेल्याच आहेत.

मित्रांनो, मला जपा, उंदरांपासून आणि चहाच्या कपांपासून वाचवा, असे मी पूर्वी म्हणालो असतो. आता माझे मागणे वेगळे आहे. मला खुशाल संगणकात घाला, आकाशातल्या चित्रांवर पसरा, पण माझ्यावरून कोणाच्या घरावर रेघ मारण्याआधी एकदा त्या घराशी येऊन उभे राहा आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मी कागद आहे, मला कोणीही सरकवू शकते. उपग्रहाचे ते चित्र अजून मॅडमच्या संगणकात आहे. ते नोटिशीच्या आधीचे आहे. त्यात मीनाबाईंचे स्वयंपाकघर अजून जसेच्या तसे दिसते आणि नव्याने बसवलेली माझी रेषा त्याच्या भिंतीपासून चांगली लांबून जाते.